नावाड्याने नाकारलेला फेटा

दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या एका गावात रायाजी नावाचा एक नावाडी राहत होता. पलीकडची शाळा, बाजार, वैद्य, सारं त्याच्या नावेवर अवलंबून. नुसता पाण्याचा रंग बघून तो भोवरा ओळखायचा.

त्याचा धाकटा भाऊ तापाने गेला आणि रायाजी दारू प्यायला लागला. आधी झोप यावी म्हणून, मग सकाळी उठता यावं म्हणून. बायको सगुणा हात जोडून विनवायची. तो शपथ घ्यायचा आणि संध्याकाळी मोडायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि ती विसरायला तो पुन्हा प्यायचा.

एके दिवशी नदीला अचानक लोंढा आला. नावेत शाळेतून परतणारी मुलं होती, आणि रायाजीला दारूच्या धुंदीत दोन दोन काठ दिसत होते. मधोमध त्याच्या हातून वल्हं निसटलं. नाव गरगर फिरली. तो तळाशी बसून राहिला. तेवढ्यात त्याच लोंढ्याने नाव उचलली आणि काठच्या वाळूत अलगद नेऊन टेकवली. एकाही मुलाला ओरखडासुद्धा आला नाही.

मुलांना वाटलं, वल्हं पाण्याने ओढून नेलं. काठावरच्यांनी एवढंच पाहिलं की पुरातून नाव सुखरूप आली. गावाने रायाजीचा सत्कार करायचं ठरवलं. देवळासमोर सारे जमले. म्हाताऱ्या हौसाबाईची एकुलती एक नात मैना त्या नावेत होती. हौसाबाई ओवाळायला ताट घेऊन आली. पाटलांनी फेटा पुढे केला.

गप्प राहिला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. पण रायाजीने फेटा हाताने अडवला.

"पाटील, नाव मी आणली नाही," तो म्हणाला. "मी प्यायलो होतो. वल्हं माझ्याच हातून सुटलं. दारू माझ्या एकट्याच्याने सुटत नाही. मला मदत करा. तोवर नाव माझ्या हाती देऊ नका."

कुणाच्या मुठी वळल्या, कुणी लेकराला जवळ ओढलं. हौसाबाई मात्र ताट घेऊन पुढे आली आणि तिने रायाजीला ओवाळलं.

"त्या दिवशी माझ्या नातीला नदीने वाचवलं," ती म्हणाली. "आज तू वाचवलंस."

रायाजीला वाटलं, आपल्या पायाखालची जमीन पहिल्यांदाच स्थिर झाली.

वैद्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. अंगाला कंप सुटायचा, भलतंसलतं दिसायचं. ज्यांच्या मुठी वळल्या होत्या, तेच आळीपाळीने त्याच्या उशाशी बसले. नाव सगुणाने चालवली. घरी परतल्यावर एकदा बाजारात त्याचा तोल गेला, तो प्यायला. पण त्याच पावली वैद्यांच्या दारात येऊन त्याने ते सांगितलं. वैद्य रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा अंथरूण घातलं.

पुढचा पावसाळा सरला तेव्हा गावाने त्याला नाव परत दिली. पहिल्या खेपेला पलीकडे सारे उतरले. एकटा दौलत लोहार मान खाली घालून बसून राहिला.

"रायाजी," तो हळूच म्हणाला, "मलाही सुटत नाही रे."

रायाजीने नाव बांधली आणि तो दौलतशेजारी जाऊन बसला.

तात्पर्य: व्यसन हा आजार आहे आणि लपवला की तो वाढतो. खरं सांगून मदत मागणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही तारतो.