हौसाबाईचा बारावा लाडू

“मग हे थट्टेत घालू, टोमण्यात घालू, की निंदेत?”

शलाकानं तिसऱ्यांदा विचारलं. गोदाक्का गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

लग्नात व्याह्यांची फिरकी घेणारी गाणी म्हणावीत ती गोदाक्कांनीच. चार वर्षं त्यांच्यापाशी बसून शलाकानं अशी एकशे बारा गाणी उतरवून घेतली. पोर हुशार, आणि ते तिला पक्कं ठाऊक! तिनं पुस्तकाचे तीन भाग पाडले. हसवणारी गाणी थट्टेत, बोचणारी टोमण्यात, अब्रू काढणारी निंदेत. एकशे अकरा बसली. एक काही केल्या बसेना, आणि वही उद्या छापखान्यात जायची होती.

“वाच बघू,” अक्का म्हणाल्या.

“विहीण आली मांडवात,
नजर तिची लाडवांत,
अकरा खाल्ले पंगतीत,
बारावा गं ओच्यात!”

“पुढं?”

“पुढं ‘हौसाबाईच्या ओच्यात’ होतं. ते मी काढलं.”

“का गं?”

“अक्का, त्या शेजारी राहतात तुमच्या! नाव घेऊन बाईला खादाड म्हणायचं, लुगड्यात लाडू लपवला म्हणायचं? हे निंदेतच जाणार. निदान नाव तरी नको.”

“जिचं गाणं तिला विचारू की.” अक्कांनी बसल्या जागेवरून कुंपणापलीकडं हाळी दिली. “हौसा! ये गं, तुझी अब्रू चाललीय छापायला!”

हौसाबाई काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या घरात. शलाकाला धरणी दुभंगावी असं झालं. खाली मान घालून तिनं गाणं वाचलं.

हौसाबाईंनी काठी बाजूला ठेवली.

“माझं नाव कुठं गेलं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“सातबाऱ्यावर पोराचं नाव. घरावर नातवाचं. माझं नाव येवढ्या एका गाण्यात हुतं, पोरी. तेबी पुसलंस?”

शलाका गडबडली. भलतंच विचारून बसली.

“आजी, तुम्ही खरंच अकरा लाडू खाल्ले होते?”

हौसाबाई अक्कांकडं बघून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

“अकरा? अगं, मला पानच वाढलं नव्हतं!”

“म्हणजे?”

“मालक जाऊन पाच म्हैनं झालेलं, आन् पोराचं लगीन. पांढऱ्या कपाळाची विहीण! बायकांनी मला कोठीत बसवलं, गव्हाच्या पोत्यांमागं. विहिणीचं गाणं औंदा गाळा म्हणाल्या. हिला कसलं चिडवायचं...”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि अक्कांकडं बोट केलं.

“आन् ही बया, नवरीची आत्या. कोठीच्या दारात हुभी राहिली आन् माझं नाव घेऊन गायला लागली. समदा मांडव हसला. हसता हसता कुणीतरी माझा हात धरला आन् पंगतीत नेऊन बसवलं.”

अक्कांनी पुन्हा गवारीची शेंग उचलली.

शलाकानं वही उघडून ‘हौसाबाईच्या ओच्यात’ परत लिहिलं. डोळे भरून आले होते, अक्षर वाकडं आलं. तरी पेन काही खाली ठेववेना.

“अक्का... मग हे कुठल्या भागात?”

आत चुलीवर भात झाला होता.

“वही मिट,” अक्का म्हणाल्या. “आधी हिला पान वाढ.”