स्वमताची वही

“मग आता मुलांनी अभ्यास करायचा तरी कसा, गुरुजी?”

यशवंत देवरे सरांनी बसता बसताच विचारले.

मोसम नदीच्या काठी एक लहानसा मठ आहे. पत्नी गेल्यापासून रंगनाथ गुरुजी तिथल्या एका खोलीत राहत. वय पंच्याऐंशीच्या घरात. देवरे सर त्यांचेच विद्यार्थी. आता स्वतः दहावीला मराठी शिकवत. बावीस वर्षांत त्यांचा एकही मुलगा मराठीत नापास झाला नव्हता. हे ते सगळ्यांना सांगत.

गुरुजी तांदूळ निवडत होते. त्यांनी ताट बाजूला सारले.

“काय झालं?”

“अभ्यासक्रम बदलला. परीक्षा बदलली. पाठ केलेलं आता विचारतच नाहीत. धडा वाचा आणि तुमचं मत लिहा, म्हणतात. सोळा वर्षांच्या पोरांना कसलं आलंय मत?”

गुरुजींनी हाताला लागलेला कोंडा झटकला.

“माझ्या वर्गात प्रांजल निकम म्हणून मुलगी आहे. पहिलीपासून पहिली. पन्नास निबंध तोंडपाठ. स्वल्पविराम चुकत नाही. सराव परीक्षेत प्रश्न आला, धड्यातल्या म्हाताऱ्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?”

“मग?”

“तिनं लिहिलं… ‘हे सरांनी सांगितलेलं नाही.’”

देवरे सरांनी पिशवी मांडीवर ओढली.

“दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, सर, माझं मत काय आहे ते सांगा ना. मी पाठ करते.”

बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होते.

“आता कुठे आहे ती?”

“नऊ दिवस झाले, शाळेत आली नाही. तिची आई सांगते, पुस्तक उघडून बसते. ओठ हलतात, पण पान उलटत नाही.”

“तू गेला होतास?”

“जाणारच आहे. रिकाम्या हाताने कसा जाऊ? म्हणून ही तयारी केली.”

त्यांनी पिशवीतून जाड वही काढली. वरती ठळक अक्षरांत लिहिले होते : स्वमत, चाळीस तयार उत्तरे.

“आठ दिवस खपून लिहिली, गुरुजी. कोणताही प्रश्न येऊ दे, यातलं मत बसतंच. तुम्ही फक्त आशीर्वादाच्या दोन ओळी लिहून द्या. मुलांना छापून वाटतो.”

गुरुजींनी चष्मा लावला. वही मध्येच उघडली. एक पान वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“तुझी आई चैत्रात गेली ना?”

“हो…”

“कशी होती?”

देवरे सर जरा गोंधळले. “तुम्ही तर ओळखत होतात तिला.”

“तू सांग.”

“आई म्हणजे… वात्सल्याचा सागर. मायेची सावली…”

“सागर पाहिला होता तिनं?”

“नाही. मालेगावच्या पुढे कधी गेलीच नाही.”

“मग?”

“तिचे कष्ट शब्दांत सांगता येणार नाहीत, गुरुजी.”

“सांग.”

देवरे सरांनी तोंड उघडले. मिटले. बावीस वर्षे वर्गात घडाघडा बोलणारा माणूस. त्यांना शब्द सापडेना. गुरुजी नुसते बसून राहिले.

“ती…”

…

“भाकरी थापताना ती बांगड्या वर सारायची. त्या खाली घसरायच्या. ती पुन्हा वर सारायची. सकाळी मी त्या आवाजानं उठायचो.” ते थांबले. “वडील गेले… मग भाकरी थापल्याचा आवाज तेवढा राहिला. बांगड्यांचा नव्हता. मला सकाळी जाग येईना. ती यायची, हलवून उठवायची…”

पुढे त्यांना बोलवेना. आई गेली तेव्हा बारा दिवस लोकांची ऊठबस केली होती त्यांनी. तेव्हा आले नव्हते ते रडू आता आले.

गुरुजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाणीही दिले नाही.

खूप वेळाने देवरे सरांनी डोळे पुसले.

“आजवर हे कुणाला बोललो नाही. शाळेत असताना हे मला लिहिता आलं असतं का हो?”

“लिहिलं होतंस.”

“मी?”

“आठवीत. सहामाहीला. ‘माझी आई.’ दीड पान होतं. बांगड्या होत्या, जाग न येणं होतं. सगळं होतं.”

“मला कसं आठवत नाही…”

“मी त्यावर तांबडी रेघ मारली होती. वर्गात उभं केलं तुला. फळ्यावर सागर लिहून दिला आणि दहा वेळा उतरवायला लावला.”



“का, गुरुजी?”

गुरुजींचा आवाज अगदी खाली गेला.

“नमुना उत्तरात बांगड्या नव्हत्या.”

…

“त्यानंतर तू कधी चुकला नाहीस, यशवंता. शाळेत पहिला आलास. मी पेढे वाटले.”

गुरुजींनी तांदळाचे ताट पुन्हा पुढे ओढले. पण एकही दाणा निवडला नाही.

ऊन उतरले. देवरे सर उठले. वही त्यांनी पिशवीत टाकली. वाकून नमस्कार करू गेले, तर गुरुजींनी पाय मागे घेतले.

उंबऱ्यापाशी देवरे सर घुटमळले.

“आता तसाच प्रांजलकडे जातो. पण… सांगू काय तिला?”

गुरुजींनी चष्मा काढून ठेवला.

“काही सांगू नकोस. विचार… आणि ती गप्प राहिली, तरी उठू नकोस.”