दृढायन ऋषीचे लाघव

पूर्वी कृतयुगात, माणसाच्या शब्दाकडे देवांचेही कान असत त्या काळी, तमसा नदीच्या काठी दृढायन नावाचा ऋषी राहत होता. आश्रमाभोवती औदुंबर आणि पळस, अंगणात हरिणे, मधोमध यज्ञशाळा. तिथला अग्नी लग्नाच्या दिवशी पेटवलेला. साठ वर्षे तो विझला नव्हता. दृढायनाला याचा गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

एका उपवासाच्या दुपारी, पत्नी सुवर्चा नदीवर गेली असताना, त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कुंडात राख होती. अशा वेळी ऋषिमंडळापुढे चूक सांगावी, प्रायश्चित्त घ्यावे आणि अरणी घासून नवा अग्नी काढावा, असा नियम. दृढायनाने तो पाळला नाही. त्याने स्वयंपाकाच्या चुलीतला निखारा उचलला आणि कुंडात ठेवला.

त्या अग्नीतली आहुती देवांनी घेतली नाही. धूर वर चढेना. जमिनीवरून सरपटू लागला. ऋषी जमले. वृद्ध जैगव म्हणाले, "दृढायना, तुझ्या हातून प्रमाद होणे शक्य नाही. तू नसताना अग्नी कोण राखते?"

सगळ्यांनी सुवर्चेकडे पाहिले. दृढायन गप्प राहिला. बारा वर्षे नदीपलीकडे एकटीने राहावे, असा दंड तिला झाला.

निघताना ती त्याला एवढेच म्हणाली, "स्वामी, चुलीतला निखारा मी राखेत झाकून गेले होते. आले तेव्हा तो नव्हता. मी सभेत बोलले नाही. बोलायचे होते ते तुम्ही."

त्या दिवसापासून दृढायन जड होऊ लागला. अंगावर मांस नाही, पण पाऊल वाळूत घोट्यापर्यंत रुते. पलीकडच्या झोपडीतून रोज धूर निघे, तो पाहून तो दिवस काढी. अशी सात वर्षे गेली. मग ओळीने तीन दिवस धूर दिसला नाही.

तो धावत नदीवर आला. त्याने नावेत पाय ठेवताच कडेवरून पाणी आत आले.

"अहो बाबा, उतरा!" नावाडी ओरडला. "हाडं बघावी तर काटक्या, आणि नाव बुडवताय. झोळीत धोंडे भरलेत काय?"

"धोंडे नाहीत."

"मग काय असेल ते अलीकडेच टाकून या. एवढं ओझं पलीकडे नेऊन करणार काय?"

दृढायन मागे फिरला. सगळे ऋषी संध्येला बसले होते. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अग्नी माझ्या झोपेत विझला. निखारा मी चोरला. तिला दंड होताना मी गप्प बसलो."

कुंडातून अग्निदेव प्रकटला. "दृढायना, साठ वर्षांचे पुण्य जळाले. आता तुला जे हलके वाटते आहे, त्याला लोक लाघव म्हणतील. ज्यांच्यापुढे दोष लपवला त्यांच्यापुढेच तो दोष जो स्वतःच्या तोंडाने सांगेल, त्याला ते मिळेल. तपाने मिळणार नाही, दानानेही नाही. हा माझा वर."

नाव पानासारखी तरंगत पलीकडे गेली. सुवर्चा तापाने अंथरुणाला खिळली होती, पण जिवंत होती. दृढायनाने तिला सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "माझे मन हलके झाले."

"झाले असेल," सुवर्चा म्हणाली. "माझी सात वर्षे मात्र होती तेवढीच आहेत. पाणी द्या."

त्याने पाणी दिले.

अग्नीचा वर खोटा ठरला नाही. चूक सांगून टाकली की माणसाला आजही हलके वाटते. पण जिचे नुकसान झाले, तिच्या डोळ्यांकडे दृढायनाला त्या दिवशी पाहवले नाही. अजूनही कोणाला पाहवत नाही.