खिंडीतल्या नाक्याची पावती

"शेवंताचा भानुदास दिसला होता म्हणे. खिंडीतल्या नाक्यावर पोलिसानं मोटरसायकल अडवली, दंडाची पावती फाडली, अन् पत्ता विचारला, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा…"

एवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. असा घरघराट सुरू झाला की पुढचं बोलणं पिठात गेलं.

ही गोष्ट कुसळवाडीची. बोलणारी होती जीपवाल्या सर्जेरावाची बायको इंदूबाई. आणि तिच्या मागंच ज्वारीचा डबा घेऊन उभी होती खुद्द शेवंताबाई, भानुदासाची आई. इंदूबाईनं वळून पाहिलं आणि तिचं तोंड पडलं.

"काय म्हणत होतीस गं?" शेवंताबाईनं विचारलं.

"कुठं काय? बाजरीचं बोलत होते."

आता बाजरीला कधी पोलीस अडवतो होय? पण इंदूबाईनं डबा उचलला आणि ती निघून गेली.

शेवंताबाई विधवा. तिचा एकुलता एक मुलगा भानुदास. त्याचा पाय घरात ठरायचा नाही. सदा मोटरसायकलवर. सहा वर्षांपूर्वी एकदा ती रागाच्या भरात म्हणाली, "जिथं हिंडतोस तिथंच राहा." त्यानं ते ऐकलं. आजवर आईचं एक ऐकलं नव्हतं, नेमकं तेवढंच ऐकलं. ना निरोप, ना फोन. तरीही ती रोज दोन भाकरी जास्त थापायची. सकाळी त्या शिळ्या भाकरी स्वतःच चहाबरोबर खायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पीठ जास्त भिजलं."

त्या दिवशी तिला एक गोष्ट मात्र कळली. पोलिसानं पावती फाडली, म्हणजे तिची प्रत पोलिसांकडं असणार. प्रतीवर पत्ता असणार. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती तालुक्याच्या ठाण्यात जाऊन उभी राहिली.

तिथं जुनी कागदपत्रं सांभाळायला ढोबळे हवालदार होते. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. खिंडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून त्या नाक्यावर अजून कागदाची पावती फाडत. वरची पावती गाडीवाल्याला, खालची कार्बनची प्रत पुस्तकात. अशी चार वर्षांची पुस्तकं खोलीत छतापर्यंत रचलेली. काहींना वाळवी, काहींवर मांजर व्यालेली.

"कोणता महिना, मावशी?"

"ते माहीत नाही."

"गाडीचा नंबर?"

"तोही नाही. दसऱ्याला हळदीकुंकू लावायची मी त्याला. वाचला कधी नाही."

हवालदारांना हसू आलं. मग तिचा चेहरा पाहून ते विरलं. "मला एकट्याला हे वर्षभरात होणार नाही. तुम्ही बसा माझ्यासमोर. पुस्तक बघायचं, तारखेप्रमाणे लावायचं, सुतळीनं बांधायचं. वाचता येतं ना?"

"चौथी झालीय. अक्षर लावून लावून वाचते."

शेवंताबाई रोज येऊ लागली. दुसरी कुणी असती तर आपला मुलगा शोधून बाकीचं भिरकावून दिलं असतं. हिनं तसं केलं नाही. प्रत्येक पुस्तक पदरानं पुसायचं, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, मग गठ्ठ्यात ठेवायचं. प्रत्येक नावावर तिचं बोट थांबायचं. भाऊसाहेब, भारत, भालचंद्र. 'भा' दिसला की ती पुस्तक डोळ्यांजवळ धरायची. मग पुढचं अक्षर दुसरंच निघायचं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सर्जेराव जीप घेऊन ठाण्याच्या फाटकाशी आला. तिला बाजूला बोलावून चहा दिला. सर्जेराव फुकट चहा पाजतो म्हणजे काहीतरी अडलेलं असणार, हे अख्ख्या कुसळवाडीला ठाऊक होतं.

"वहिनी, दिवाळीआधीच्या बाजारादिवशी माझीपण पावती फाडली होती. जीपमध्ये पंधरा माणसं होती, असं लिहिलंय तिच्यात. ते पुस्तक सापडलं की पिशवीत टाका आणि चुलीत घाला."

शेवंताबाईला सगळं समजलं. त्याच दिवशी नाक्याच्या पुढच्या वळणावर यास्मिन जीपच्या मागच्या पायरीवरून पडली होती. गावातलीच, शिवणक्लासला निघालेली पोर. तिचा पाय कायमचा अधू झाला. ती सांगत होती, आत जागा नव्हती म्हणून मला पायरीवर उभं केलं. सर्जेराव म्हणत होता, जीप अर्धी रिकामी होती, पोरगीच हौसेनं लोंबकळली. पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब येणार होते.

"आणि मला काय त्याचं?" ती म्हणाली.

"तुमच्या पोराला अडवलं तेव्हा मी नाक्यावरच होतो ना. भानुदास काय बोलला ते मी माझ्या कानानं ऐकलंय. पुस्तक जाळा, सगळं सांगतो."

ती आत गेली. दुपारी तेच पुस्तक तिच्या हाती आलं. वरच्याच प्रतीवर सर्जेरावाचं नाव, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं: प्रवासी पंधरा. तिनं पान उलटलं नाही. पुस्तक तसंच मिटून पदराखाली घेतलं. हवालदार जेवायला गेले होते. पिशवी शेजारीच होती. तव्यावरची भाकरी हातात धरावी तसं ते पुस्तक तिला पोळत होतं.

सहा वर्षांत भानुदासाचा आवाज तिनं ऐकला नव्हता. तो काय बोलला ते फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला माहीत होतं. एक पुस्तक, एक चूल, आणि मुलाचे शब्द तिचे होणार होते.

पण भानुदास दिसत नव्हता, आणि यास्मिन रोज दिसत होती. गिरणीला जाताना, डबा काखेत, एक पाय ओढत. तिच्याशी रोज काय बोलायचं?

शेवंताबाई रिकाम्या हातानं फाटकाशी आली.

"नाही जमायचं, भावजी."

सर्जेरावाचा चेहरा बदलला. "मग फुकटच ऐका. पोलिसानं पत्ता विचारला तर तुमचा लाडका म्हणाला, मला गाव नाही आणि घरपण नाही. बसा आता त्याच्यासाठी धूळ खात!"

शेवंताबाई तिथंच पायरीवर बसली. आता शोधायचं ते काय राहिलं? एसटीला अजून वेळ होता. घरी जावं, पुन्हा इथं येऊ नये, असं तिच्या मनात आलं. पण पुस्तक आत उघड्यावर होतं. ती उठली. हवालदार परत येताच तिनं ते त्यांच्या हातात दिलं.

"साहेब, हे कुलपात ठेवा. याच्यावर कुणाचा तरी डोळा आहे. यास्मिनच्या चौकशीला लागेल."

हवालदारांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. कुलपात ठेवायचं म्हणजे आधी प्रत्येक पान नोंदवायला हवं. ते मोठ्यानं वाचत लिहू लागले. पहिली पावती झाली. दुसरीवर ते थांबले.

"मावशी, जवळ या. तुमच्या मुलाचं नाव भानुदासच ना?"

सर्जेरावानं त्याला पाहिलं होतं, कारण दोघांनाही एकाच पोलिसानं एकाच वेळी थांबवलं होतं. मग पुस्तक वेगळं कसं असणार? पण शेवंताबाईला ते आत्ता उमगलं. पुस्तक जाळलं असतं, तर हेही जळलं असतं.

पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'गाव नाही.' सर्जेराव खोटं बोलला नव्हता. पण त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारलेली होती. खाली त्याच पोलिसाच्या अक्षरात दुसरी ओळ होती: 'मु. कुसळवाडी, शाळेमागं, शेवंताबाईचं घर.'

"याच्याशेजारी हे काय?" तिनं विचारलं.

"सही. लिहिलेलं खोडलं की बाजूला सही घेतोच आम्ही. म्हणजे त्यानं स्वतः सांगून बदलून घेतलंय."

सर्जेराव आपली पावती घेऊन पुढं निघून गेला होता. त्यानं पहिलं ऐकलं. नंतरचं ऐकायला तो तिथं नव्हताच.

भानुदास आता कुठं राहतो, ते त्या कागदावर कुठंच नव्हतं. शेवंताबाईनं सहीवर अलगद बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. हवालदारांनीही पान उलटायची घाई केली नाही.

निघताना ती दारात थांबली.

"साहेब, पुन्हा अडवलात त्याला, तर पावती जरा सावकाश फाडा. तोवर मी पोचते."

तात्पर्य: आपली तहान कितीही मोठी असो, दुसऱ्याचं खरं पुसून ती भागवू नये, आणि अर्ध्या ऐकलेल्या बोलण्यावरून आपलं माणूस परकं ठरवू नये.