चौथ्या मजल्यावरची सही

आयुक्त पेंढारकर साहेबांनी नवा प्रस्ताव काढला, की अग्निशमन दलाच्या जवानांनी पासष्टीपर्यंत नोकरी करावी, पेन्शन त्यानंतर. युनियनने तीन निवेदनं दिली. साहेब हसून म्हणाले, "माणूस मनाने म्हातारा होतो, शरीराने नाही."

दलाची जुनी रीत अशी, की वार्षिक कवायतीत प्रमुख पाहुण्याला पालिकेच्या चौथ्या मजल्यावरून खांद्यावर घेऊन शिडीने उतरवायचं. यंदाचे पाहुणे साहेबच. ते ऐटीत खिडकीपाशी उभे राहिले. शिडी लागली आणि धापा टाकत वर आले युनियनचे जुने अध्यक्ष, निवृत्त जवान भिकाजी तांडेल, वय चौसष्ट.

"या साहेब, बसा खांद्यावर."

साहेबांनी खाली जमलेली गर्दी पाहिली, मग भिकाजींचे लटपटणारे गुडघे पाहिले. घसा खाकरून ते म्हणाले, "अहो, एखादा तरुण जवान पाठवा की."

भिकाजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आमच्या तिन्ही निवेदनांत हेच तर लिहिलंय, साहेब. ही चौथी प्रत. तेवढी मंजुरीची सही करा, तरुण जवान लगेच बोलावतो."

साहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावरच सही केली. मग एका सव्वीस वर्षांच्या जवानाने त्यांना अलगद खाली उतरवलं.

भिकाजी मात्र लिफ्टने उतरले.