पाण्याचं गाऱ्हाणं

जत्रेत देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घरातल्या पुरुषांचा. यंदा गावात पाण्याची टंचाई होती, आणि कॉलेजात शिकणारी केतकी पुढे झाली.

"काकानू, हंडे आम्ही व्हावतो. पाण्याचा गाऱ्हाणा आम्हीच घालतलो."

परबकाका भडकले. "पोरींनी तोंड उघडला तर देवी कोपतली!"

"मगे तिकाच विचारतंय." केतकीने हात जोडले. "गे आई माउली, गावाची राखण तूच करतंस!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला साथ द्यायची गावाची पिढ्यान् पिढ्यांची सवय. सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!"

"आजपासून आम्हां पोरींचाय गाऱ्हाणा ऐकान घे!"

"व्हय म्हाराजा!"

आपण कशाला होकार दिला, ते आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. देवीसमोर गेलेला शब्द मागे कोण घेणार? सगळे परबकाकांकडे वळले. सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.