कारभाऱ्यांचा सरळ दांडा

संस्थानच्या पहिल्यावहिल्या मोटारीच्या इंजिनातला, चाकं फिरवणारा दांडा मोडला. धोंडीराम लोहारानं तीन घडवले, तिन्ही तडकले, चौथा जमला. पण कारभारी दाजीसाहेबांनी तो बघून नाक मुरडलं.

"सरकारांच्या मोटारीत चार ठिकाणी वाकडा दांडा? सरकार यायच्या आत सरळ कर, नाहीतर भट्टीला टाळं ठोकतो."

धोंडीराम दांडा घेऊन भट्टीकडे वळला. कडेवर तान्हं घेतलेली त्याची बायको येसू मनाशी म्हणाली, आपण मध्ये पडलो तर होतं तेही बिघडेल. आणि पडलीच.

"करू की, साहेब. पण आधी भट्टीला वारा घालायच्या पंख्याचं हँडल सरळ करू. तेही मेलं वाकडंच आहे."

"मग विचारतेस काय? करा."

हँडल सरळ झालं.

"आता तुमच्याच हातानं वारा घाला, साहेब."

दाजीसाहेबांनी पंख्याचं सरळ हँडल मुठीत धरून पिळलं. मनगटं वळली, खांदे वळले, शेवटी कंबरेपासून सगळे कारभारीच वळले आणि पागोटं राखेत पडलं. पंखा ढिम्म. तेवढ्यात सरकार दारात उभे.

"मोटारीचा दांडा कुठाय?"

"तयार आहे, सरकार," येसू मान खाली घालून म्हणाली. "कारभारीसाहेबांना तो सरळ हवाय. पण सरळ दांड्यानं नुसते कारभारी फिरतात, चाक फिरत नाही."

सरकारांनी वाकडा दांडा स्वतः उचलला आणि मोटारीकडे चालू लागले.